२ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण: मराठवाड्यातून नेमकं किती वाजता, किती दिसणार?

पूर्णाकाठ (प्रश्न)

व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज पुन्हा फिरतोय: "२ ऑगस्टला ६ मिनिटं सगळीकडे काळोख, १०० वर्षांतलं एकमेव ग्रहण." पालक विचारायला लागलेत की त्या दिवशी शाळा ठेवणार का. आमची जिल्हा परिषदेची शाळा, सहावी ते आठवीची ७०-८० मुलं. सोमवार आहे, म्हणजे शाळा भरणारच.

मला ठोस आकडे हवेत. नांदेड-परभणी पट्ट्यात ग्रहण लागतं कधी, सुटतं कधी, सूर्य किती झाकला जातो? दुसरं, पंचांगाप्रमाणे अमावस्या दुपारी ३:३५ च्या सुमारास संपते आणि ग्रहण म्हणे ३:५५ ला लागतं. अमावस्या संपल्यावर सूर्यग्रहण कसं लागेल? आठवीच्या पोरानं हे विचारलं तर उत्तर काय द्यायचं? आणि ८० चष्मे आणायला पैसे नाहीत, तर स्वस्तात काय करता येईल?

---

दुधना_१९

आधी मेसेजचं. ग्रहण खग्रास आहे हे खरं, पण गडद छायेचा पट्टा भारताला शिवतही नाही. तो अटलांटिकमधून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवर येतो, मग मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन, सोमालिया असा आग्नेयेला उतरत हिंदी महासागरात जातो. जास्तीत जास्त रुंदी २५८ किमीच्या आसपास. काळोख होईल तो या पट्ट्यात, आणि तोही एका जागी जास्तीत जास्त ६ मिनिटं २३ सेकंद. बाकी सगळीकडे खंडग्रास, नाहीतर काहीच नाही.

"१०० वर्षांतलं एकमेव" हेही चूक. या शतकातलं सगळ्यात लांब खग्रास २२ जुलै २००९ चं होतं, ६ मिनिटं ३९ सेकंदांचं. त्याचा पट्टा सुरत, इंदूर, भोपाळ, पाटणा असा आपल्याच देशातून गेला, तोही ऐन पावसाळ्यात. खरं वाक्य असं होईल: २००९ नंतर इतकं लांब हेच, आणि यापेक्षा लांब पाहायचं तर ३ जून २११४ पर्यंत थांबावं लागेल. पण असं वाक्य कोण फॉरवर्ड करणार?

आता आपल्याकडचं. खालच्या वेळा भारतीय प्रमाणवेळेत, गणितानं काढलेल्या. स्पर्श म्हणजे ग्रहण लागणं, मध्य म्हणजे सगळ्यात जास्त ग्रास, मोक्ष म्हणजे सुटणं. एखाद्या मिनिटाचा फरक धरून चाला.

छत्रपती संभाजीनगर: स्पर्श ३:५१, मध्य ४:४२, मोक्ष ५:२८. व्यासाचा ३७ टक्के भाग झाकलेला.
नांदेड: स्पर्श ३:५५, मध्य ४:४४, मोक्ष ५:२९. व्यासाचा ३६ टक्के.
लातूर: स्पर्श ३:५४, मध्य ४:४५, मोक्ष ५:३२. व्यासाचा ३८-३९ टक्के.

परभणी, जालना, बीड यांच्याच अधेमधे. नैर्ऋत्येकडे जाल तसा ग्रास वाढतो, म्हणून धाराशिव-लातूरला जास्त आणि हिंगोली-नांदेडला कमी. पण हा फरक डोळ्यांना कळणारा नाही, त्यासाठी गाव सोडून कुठं जाऊ नका.

एक घोळ नेहमी होतो. ३७ टक्के हा *व्यासाचा* आकडा, त्याला ग्रासमान म्हणतात. *क्षेत्रफळ* झाकलं जातं ते फक्त २६ टक्के. दोन ठिकाणी दोन आकडे वाचले तर दोन्ही बरोबर असू शकतात. पाव सूर्य झाकला म्हणून उजेड कमी झाल्याचं कोणाला कळणारही नाही. कोंबड्या खुराड्यात जाणार नाहीत, चांदण्या दिसणार नाहीत. जे काही आहे ते बिंबावरच पाहायचं.

सूर्य पश्चिमेला असेल. स्पर्शाच्या वेळी क्षितिजापासून साधारण ४३ अंश, मध्याला ३२, मोक्षाला २१. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ म्हणजे १० अंश. मध्याला तीन मुठी, सुटताना दोन. सूर्यास्त ७ च्या सुमारास, त्यामुळे ग्रहण सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या डोळ्यांसमोर. पटांगणाच्या पश्चिमेला ६ मीटर उंच इमारत असेल तर तिच्यापासून किमान १६ मीटर मागं उभं राहा, नाहीतर मोक्ष भिंतीआड जाईल.

काळा चावा लागतो तो बिंबाच्या अगदी खालच्या कडेला. मध्याला तो खाली डावीकडे असतो आणि सुटताना डाव्या कडेवरून निघतो. मुलांना हे आधी सांगा. पहिली तीन-चार मिनिटं चावा इतका बारीक असतो की कुठं पाहायचं ते माहीत नसलं तर हुकतोच.

---

पंचांगवेडा

अमावस्येचा प्रश्न झकास आहे, त्याचं उत्तर देतो.

तिथीचं गणित पृथ्वीच्या *केंद्रावरून* होतं. केंद्रातून पाहिलं तर चंद्र आणि सूर्य ३:३५ ला एका रेखांशावर येतात, तीच अमावस्येची समाप्ती. आपण मात्र केंद्रात नाही, पृष्ठभागावर आहोत, केंद्रापासून जवळपास ६,४०० किमी दूर. सूर्य इतका लांब की त्याला या अंतरानं काही फरक पडत नाही. चंद्र जवळ, म्हणून तो मागच्या आकाशावर सरकलेला दिसतो. यालाच लंबन म्हणतात. हाताचा अंगठा समोर धरून आळीपाळीनं एकेक डोळा मिटून बघा, अंगठा भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. तेच.

लंबनानं चंद्र नेहमी *क्षितिजाकडे* सरकतो. त्या दिवशी चंद्र पृथ्वीच्या बराच जवळ, त्यामुळे क्षितिजावरचं त्याचं लंबन ६१ कलांच्या घरात (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). सूर्य ३२ अंशांवर असताना ते ५२ कला भरतं. चंद्राचं अख्खं बिंब ३३-३४ कलांचं असतं, म्हणजे दीड चंद्राएवढा सरक झाला.

आता दिशा बघा. दुपारनंतर सूर्य-चंद्र पश्चिमेला, म्हणून खाली सरकणं म्हणजे पश्चिमेला सरकणं. चंद्र सूर्याला गाठतो तो पश्चिमेकडून पूर्वेकडे, तासाला साधारण ३५ कलांनी. केंद्रातून पाहणाऱ्याच्या लेखी त्यानं ३:३५ ला सूर्य गाठला, पण आपल्याला तो अजून मागंच दिसतो. ती पिछाडी भरून काढायला तासाभराहून जास्त लागतो, म्हणून आपला मध्य ४:४२-४:४५ ला. सकाळचं ग्रहण असेल तर उलट: सूर्य पूर्वेला, लंबन चंद्राला पूर्वेकडे ढकलतं, आणि मध्य अमावस्या संपायच्या *आधी* येतो.

थोडक्यात, पंचांग चुकलेलं नाही आणि ग्रहणही वेळेवर आहे. सूर्य ऐन माथ्यावर असलेल्या जागेवर हे ताडून बघता येतं. इजिप्तमधे लक्सरला त्या वेळी ऐन दुपार, सूर्य डोक्यावर, म्हणून पूर्व-पश्चिम लंबन जवळपास शून्य. तिथला खग्रास आपल्या घड्याळात ३:३५ च्या आसपासच पडतो, म्हणजे तिथीच्या समाप्तीला.

बाकी, ही आषाढी अमावस्या, दिव्याची. त्यात सोमवार, म्हणून सोमवतीही. परळी, औंढा, वेरूळला त्या दिवशी गर्दी असणार. वेध पाळायचे की नाही तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण पाळणाऱ्यांनीही वेळ आपल्या गावाची घ्यावी, इजिप्तची किंवा दिल्लीची नको.

---

पूर्णाकाठ

लंबनाचं पटलं, अंगठ्यावरून पोरांना सांगता येईल. @दुधना_१९, शाळा साडेचार-पाचला सुटते, म्हणजे मध्याच्या वेळेलाच घंटा. अर्धा तास थांबवून घेऊ. आता साहित्याचं सांगा. खोक्याला भोक पाडून बघायचं जमेल का?

---

मांजराकाठ

जमेल, पण बुटाच्या खोक्यानं पोरं हिरमुसतात. कारण सरळ गणित आहे: सूर्याची प्रतिमा अंतराच्या १०९ व्या भागाएवढी पडते. ३० सेंमीच्या खोक्यात सूर्य पावणेतीन मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा. त्यात ३७ टक्के चावा कोणाला दिसायचा?

लांबी वाढवा. पुठ्ठ्याची नळी किंवा दोन-तीन खोकी जोडून २ मीटर करा, प्रतिमा १८ मिलिमीटरची होते. एका टोकाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल ताणून चिकटवा आणि त्याला दीड ते दोन मिलिमीटरचं *गोल* भोक पाडा. जाड सुई किंवा दाभण चालेल. पुठ्ठ्याला थेट भोक पाडलं की कडा फाटतात आणि प्रतिमा घाण येते, फॉइल त्यासाठीच. भोक मोठं झालं तर चित्र उजळ पण पुसट, फार बारीक झालं तर इतकं अंधुक की दिसतच नाही. दुसऱ्या टोकाला आतून पांढरा कागद आणि बाजूला बघायला खिडकी.

मुलानं पाठ सूर्याकडे करून कागदाकडे बघायचं. हे दहा वेळा बजावा. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे भोकाला डोळा लावून सूर्य बघणं, आणि ते उघड्या डोळ्यांनी बघण्याइतकंच घातक. पाठ करून बघताना चित्र वर-खाली उलटं असतं, डावं-उजवं तेच राहतं. म्हणजे चावा कागदावर *वरच्या* कडेला सुरू होईल आणि डावीकडून निघेल. पोरं "उलटं झालं" म्हणून ओरडतील, ते बरोबरच आहे.

८० मुलांसाठी माझी पसंती मात्र आरशाला. हातआरशावर काळा कागद चिकटवा, मधे १ सेंमी भोक. बाहेर ऊन असलेल्या जागी घमेल्यात वाळू भरून त्यात आरसा तिरका रोवा आणि कवडसा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडा. आरसा ते भिंत २० मीटर असेल तर सूर्य १८ सेंमीचा पडतो, १२ मीटरला ११ सेंमीचा. अख्खा वर्ग एकदम बघतो, चष्मा लागत नाही. तीन गोष्टी बिघडतात:

खोली पुरेशी काळोखी नसते. १ सेंमीमधून आलेला उजेड १८ सेंमीवर पसरतो, म्हणजे तीनशे पटींनी पातळ होतो. खिडक्यांना चादरी लावाव्याच लागतात, फक्त कवडसा येईल एवढी फट ठेवायची.

कवडसा पळतो. २० मीटरवर दर मिनिटाला ८-९ सेंमी सरकतो. आरशाजवळ एक मोठा मुलगा कायमचा बसवा, तो दर दोन मिनिटांनी हलवेल.

आणि कोणीतरी आरशाच्या वाटेत डोकं घालून आत बघतं. कवडशाच्या वाटेवर दोरी बांधा, बाक लावा, काहीही करा, पण तिथं डोळे येऊ देऊ नका.

झाडाखालचे कवडसे आणि चाळणीसुद्धा चंद्रकोरी दाखवतात, फक्त चावा मोठा लागतो. ३७ टक्क्यांना "खाल्लेली बिस्किटं" दिसतील एवढंच. त्यात सूर्य ३२ अंशांवर असल्यानं जमिनीवरचा कवडसा जवळपास दुप्पट लांबट पडतो. चाळणीखालचा कागद जमिनीवर न ठेवता उन्हाला काटकोनात धरा.

चष्म्यांचं: ८० नकोत, १० पुरतात, पाळीपाळीनं १५ सेकंद. आयएसओ १२३१२-२ छापलेले घ्या, पण नुसत्या छापावर जाऊ नका. घरात लावून बघा, ट्यूबलाइट अजिबात दिसता कामा नये. मग बल्बसमोर धरून फिल्म तपासा, टाचणीएवढं भोक किंवा चरा दिसला की चष्मा कात्रीनं कापून टाका. वेल्डिंगची काच चालते ती १४ नंबरची. दुकानात सहज मिळते ती बहुधा १० किंवा ११, ती चालत नाही. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, गॉगलवर गॉगल, पाण्याच्या परातीतलं प्रतिबिंब, सगळं बाद. यातनं उजेड कमी होतो म्हणून डोळा मिचकावत नाही, आणि न दिसणारे अवरक्त किरण मात्र आत जात राहतात. रेटिनाला वेदना कळत नाही, म्हणून भाजल्याचं तेव्हा समजत नाही, नंतर बिंबाच्या जागी डाग दिसायला लागतो.

दुर्बिणीला गाळणी (सूर्याचा फिल्टर) पुढच्या भिंगावर लागते. ग्रहणचष्मा घालून दुर्बिणीत बघणं म्हणजे एकवटलेलं ऊन चष्म्याच्या फिल्मवर सोडणं, ती क्षणात वितळते. जुन्या दुर्बिणींसोबत आयपीसला लावायची काळी काच यायची, ती तापून तडकते. अशी काच सापडली तर फेकून द्या.

---

तेरणा_सोलर

ग्रहणात सौर कृषीपंप बंद ठेवायचा का, असं गावात विचारतायत. गरज नाही. ४:४५ ला उजेड नेहमीच्या त्या वेळेपेक्षा पाव भागानं कमी, तेवढीच वीज कमी. त्या वेळी सूर्य ३२ अंशांवर असल्यानं पंप तसाही दुपारसारखा फेकत नाही. कमी दाबाला पाणी तुटणारी खोल बोअर असेल तर तासभर धार बारीक होईल किंवा पंप बंद-चालू करेल. एखादा काळा ढग याहून जास्त त्रास देतो. कंट्रोलरला काही होत नाही.

---

दुधना_१९

ढगांवरून आठवलं, खरी अडचण तीच आहे. ऑगस्टचा पहिला आठवडा, त्यात दुपारनंतर ढग दाटतात. आपल्याकडे या सुमारास उघडीप पडते हीच काय ती आशा. पातळ ढगांतून बिंब दिसेल, पण तेव्हाच लोक चष्मा काढतात, आणि ढग सरकला की ऊन थेट डोळ्यांत. मराठवाड्यात या ग्रहणात चष्मा काढण्याजोगा एकही क्षण नाही. पूर्ण पावसाळी असेल तर इजिप्तमधल्या लक्सरहून थेट प्रक्षेपण लावा. तिथला खग्रास आपल्या ३:३० ते ३:४० च्या दरम्यान, म्हणजे आपल्याकडे स्पर्श व्हायच्या आधीच संपतो. टीव्हीवर तो दाखवायचा आणि मग पटांगणात जायचं, हा क्रम जुळतो.

---

बालाघाट

खग्रास बघायला लक्सरला जाण्याचा विचार असलेल्यांसाठी थोडं. ३७ टक्के सोडा, ९९ टक्के झाकलेल्या सूर्यातही खग्रासचं काही दिसत नाही. उरलेला १ टक्का सूर्य हजारो पौर्णिमेच्या चंद्रांएवढा उजळ असतो, त्यात प्रभामंडल (सूर्याभोवतीचं फिकट तेजोवलय) बुडून जातं. म्हणून पट्ट्याच्या आत जायचं, काठावर नाही. मध्यरेषेपासून काठापर्यंतचं निम्मं अंतर सरकलात तरी कालावधी १३-१४ टक्क्यांनीच घटतो, पण ८० टक्के सरकलात की ४० टक्के वेळ गेला. हॉटेल मध्यरेषेवरच हवं असा हट्ट नको, मात्र पट्ट्याच्या शेवटच्या पाचव्या भागात घेऊ नका.

तिथली घड्याळं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागं, म्हणजे खग्रास दुपारी १ नंतर लगेच. आधीचं खंडग्रास जवळजवळ दीड तास चालतं, पारा ४० च्या पुढे आणि सावली नाही. पाणी, टोपी, पांढरी चादर. सूर्य ८२ अंशांवर, म्हणजे अगदी डोक्यावर. ट्रायपॉडवर लांब भिंग इतकं वर वळत नाही, पायांना अडकतं, हे घरीच तपासा. सतरंजीवर उताणं पडून बघणं सगळ्यात सोयीचं. चष्मा निघतो तो शेवटची हिरकणी (कडेला उरलेला सूर्याचा लखलखता ठिपका) विझल्यावर आणि परत चढतो दुसरी हिरकणी उगवताच. कॅमेऱ्याच्या गाळणीचंही तेच, आणि ती काढायची विसरल्यानं सहाच्या सहा मिनिटं काळे फोटो येतात.

जेद्दाही पट्ट्यात आहे, तिथंही ६ मिनिटांच्या आसपास. मक्काही पट्ट्यात येतं, पण तिथं बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही.

---

पंचांगवेडा

अवांतर: मराठवाड्यावरून खग्रासचा पट्टा गेला होता २२ जानेवारी १८९८ ला. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याचे नायगमवाला तळ ठोकून होते. तीच रेषा पुढे ईशान्येला मराठवाडा ओलांडून वऱ्हाडात गेली. "हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला" असं जे छापतात ते मात्र चूक. ज्या पिवळ्या वर्णरेषेवरून हेलियम ओळखला गेला ती १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणातली, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन तेव्हा गुंटूरला होते. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमधेच होते, विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी.

---

पूर्णाकाठ

आरसा नक्की. घमेलं आणि चादरी शाळेतच आहेत. ढगांनी घोळ घातला तर पुढचं कधी?

---

दुधना_१९

२१ मे २०३१ ला केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. आणि २० मार्च २०३४ चं लिहून ठेवा. खग्रासचा पट्टा काश्मीर-लडाखच्या बाजूनं जातो, तर आपल्याकडे सायंकाळी साडेपाचच्या सुमारास निम्म्याहून जरा जास्त व्यास झाकलेला असेल आणि सूर्य मावळायच्या बेतात असताना ग्रहण सुटेल. मार्च महिना, आभाळ बहुतेक मोकळं. पण त्या वेळी पश्चिम क्षितिज अगदी जमिनीपर्यंत मोकळं लागेल, पटांगण पुरायचं नाही. गावाबाहेरचा माळ आत्तापासून बघून ठेवा.